पाहुण्यांसाठी भारी गोळी

पाहुण्याला साधं काही द्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी खोड. चहात आपल्याला एक चमचा साखर पुरत असली तरी पाहुण्याच्या कपात दोन पडणार, आणि त्याने नको म्हटलं की वाईटही आपल्यालाच वाटणार. या खोडीपायी मी एका भल्या माणसाचं जे करून बसले ते आज लिहिते आहे. लिहिताना मला माझाच राग येतो, पण तो काही आजचा नाही.

मी दुभाषी आहे. चाकणच्या एका कारखान्यात जपानी साहेब आणि आपली माणसं यांच्या मधे उभी राहते. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. राहते चिखलीत, आईबरोबर. बाबा पिंपरीतल्या कंपनीत फिटर होते, त्यांच्या नखातलं काळं आयुष्यभर निघालं नाही. मला वाटायचं, आपलं काम नुसतं बोलायचं, आपले हात स्वच्छ राहतील. कसले राहतात!

त्या वर्षी पावसाळा सरता सरता आमच्याकडे जपानहून एक तज्ज्ञ आले. साठीच्या आसपासचे, काटकुळे, बोलायला मऊ. पत्रा दाबून गाड्यांचे भाग काढणारी नवीन प्रेस लाइन बसवून ती चालू करून द्यायची हे त्यांचं काम. आले होते दीड महिन्यासाठी, पण लाइन काही केल्या सुरळीत होईना आणि मुक्काम लांबत गेला. त्यांचं नाव शॉपवर, म्हणजे जिथे मशीनं चालतात तिथे, कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून सगळे त्यांना ‘पाहुणे’च म्हणायला लागले. मीही तेच म्हणते.

पाहुणे सुरक्षेच्या बाबतीत भलतेच कडक. शॉपमध्ये चालायची वाट दोन पिवळ्या पट्ट्यांनी आखलेली असते, तिच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. माल उचलून नेणाऱ्या फोर्कलिफ्टचा रस्ता आडवा आला की थांबायचं, बोट दाखवून उजवीकडे बघायचं, बोट दाखवून डावीकडे बघायचं, मोठ्याने ‘ठीक!’ म्हणायचं आणि मगच पलीकडे जायचं. पहिले आठ दिवस पोरं खो-खो हसली. नंतर सगळेच बोटं दाखवायला लागले. आमचा एक ऑपरेटर तर म्हणे घरी बाथरूममध्ये जातानाही बोट दाखवतो.

तर या पाहुण्यांना ॲलर्जी होती. कंपनीची गाडी त्यांना सकाळी निगडीच्या प्राधिकरणातल्या फ्लॅटवरून घ्यायची, मग मला चिखलीत, आणि तळवड्यावरून आम्ही चाकणला जायचो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना कमरेएवढं गाजर गवत, मधेच कुठे कचरा पेटवलेला, पुढे खडीच्या ट्रकची धूळ. आपल्याला काही होत नाही, आपण याच्यातच वाढलो. त्यांना मात्र चिखलीपर्यंत येईतो वीस-पंचवीस शिंका झालेल्या असायच्या. गोळ्या त्यांनी मोजून आणल्या होत्या, तारखा घातलेल्या डबीत, दिवसाला एक. दिवस वाढले आणि गोळ्या संपल्या.

एका सकाळी त्यांनी मला जपून ठेवलेली रिकामी पट्टी दाखवली. डोळे लाल, नाक सुजलेलं, श्वासात बारीक शिट्टी. म्हणाले, “प्रेसपाशी उभा असताना शिंक आली तर हात कुठे जाईल सांगता येत नाही. हेच औषध इथे मिळेल का?”

पट्टीवर जपानी अक्षरं होती. मी नाव वाचलं, फोनवर शोधलं, दोन मिनिटांत त्यातलं औषध कळलं. मला कोण आनंद! संध्याकाळी त्यांच्याबरोबर निगडीपर्यंत गेले. बसस्टॉपच्या पुढे एक मेडिकल आहे, तिथल्या काकांची आणि माझी जुनी ओळख. पाहुण्यांना गाडीतच बसवलं आणि काकांना औषधाचं नाव सांगितलं.

“आहे की,” काका म्हणाले. “साधी देऊ का भारी?”

“म्हणजे?”

“साधीत तुम्ही म्हणताय तेवढंच औषध. भारीत ते आहेच, वर दम्याचं एक घातलंय. हल्ली सगळे हीच नेतात.”

मी गाडीकडे बघितलं. पाहुणे रुमालात शिंकत होते. म्हटलं, “भारीच द्या, काका. एवढ्या लांबून आलेत बिचारे, साधी काय द्यायची!” काकांनाही ते पटलं. एक पट्टी अख्खी दिली, दुसरी कात्रीने अर्धी कापून दिली. डॉक्टरची चिठ्ठी त्यांनी मागितली नाही आणि माझ्याकडे नव्हती. पुन्हा न्यायला बरं म्हणून मी पट्टीचा फोटो तेवढा काढून ठेवला.

गाडीत पाहुण्यांनी पट्टी उलटसुलट करून बघितली. “अगदी तेच का?” त्यांनी विचारलं. एकच गोष्ट तीनदा विचारायची त्यांची पद्धत होती, आणि तीनदा मी म्हटलं, “तेच आहे.”

आमच्या धंद्यात याला पाप म्हणतात. समोरचा जेवढं बोलला तेवढं न्यायचं, ना शब्द कमी, ना शब्द जास्त. ‘वर दम्याचं एक घातलंय’ हे वाक्य मी काकांकडून घेतलं आणि फुटपाथवरून गाडीपर्यंत येता येता टाकून दिलं. वाटलं, कशाला उगीच? हा माणूस शंका काढत बसेल, मग डॉक्टर, मग चिठ्ठी, मला घरी जायला उशीर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, ती मी.

पी हळद अन् हो गोरी असं औषध जगात नसतं म्हणतात, पण इथे झालं खरं तसंच. तिसऱ्या दिवशी शिंका बंद, डोळे स्वच्छ. पाहुण्यांनी गाडीतून त्या मेडिकलकडे बघून मान लववली. माझी तर कॉलर ताठ झाली. ती दीड पट्टी संपत आली तेव्हा मी आणखी दोन आणून दिल्या, त्याही भारीच.

मग एके दिवशी ऑफिसच्या लिफ्टमध्ये ती गोष्ट झाली. आम्ही दोघं आत गेलो आणि पाहुण्यांनी दार उघडं ठेवायचं बटण दाबून धरलं. मला वाटलं मागून कुणी येतंय. कॉरिडॉर रिकामा होता. त्यांनी क्षणभर वाट बघितली, हळूच मान हलवली, बटण सोडलं आणि स्वतः कोपऱ्यात सरकून उभे राहिले. लिफ्टमध्ये तिघं असल्यावर उभं राहतात तसे. मी म्हटलं असेल काही त्यांची रीत.

दोन-तीन दिवसांनी कँटीनमध्ये एक सुपरवायझर त्यांच्या शेजारी बसायला आला. पाहुण्यांनी खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि “माफ करा” म्हणाले. सुपरवायझर पलीकडे जाऊन बसला. ती खुर्ची जेवण होईपर्यंत रिकामीच होती. पाहुणे मधूनमधून तिच्याकडे बघत होते आणि सावकाश जेवत होते, बरोबरचं माणूस हळू जेवत असलं की आपण जेवतो तसे.

शॉपवरही मला दिसायला लागलं. पिवळ्या पट्ट्यांच्या वाटेवर ते आता अगदी उजव्या कडेने चालत. डावी बाजू मोकळी. क्रॉसिंगला थांबून बोट दाखवलं, ‘ठीक’ म्हटलं, तरी लगेच पाऊल टाकायचे नाहीत. डावीकडे जरा मागे वळून बघायचे, थांबायचे, मग निघायचे. हे सगळं दिवसाढवळ्या, अकरा वाजता, डोक्यावर पांढरे दिवे लखलखत असताना आणि प्रेस धाडधाड चालू असताना. अंधारात माणूस भितो ते निदान समजण्यासारखं असतं.

गाडीचा ड्रायव्हर लातूरकडचा होता. एका दुपारी पार्किंगमध्ये त्याने मला बाजूला घेतलं.

“मॅडम, एक बोलू का? राग नका मानू.”

“बोल ना.”

“साहेब रोज मागची दोन्ही दारं उघडायला लावतेत. त्यांच्या बाजूचं, आन् पलीकडचं बी. पलीकडून कोण बसतंय? कुणीच नाही. पण खरं सांगू का, मी आता ते दार लावताना जरा थांबतो. कुणाचा हात-बित सापडाया नको.”

मी नकळत गाडीच्या त्या दाराकडे बघितलं. तो पुढे म्हणाला, “बाहेरचं लागलंय त्यांना. गावाकडं आमच्या मावशीला असंच झालं व्हतं. लिंबू उतरवू का?”

मी त्याला असं झापलं की विचारू नका. म्हटलं, “आमच्या घरात असलं काही चालत नाही. आम्ही सकाळी बुद्धवंदना घेतो आणि पोट दुखलं तर डॉक्टरकडे जातो. लिंबू सरबताला ठेव.” त्याने मान डोलावली, पण मला ऐकू येईल इतपत पुटपुटला, “डॉक्टरला दिसत नसतंय हे.”

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखी पुढच्या सीटवर होते. तळवड्याच्या चौकात गाडी अडकली आणि मी सहज मागे वळून बघितलं. पाहुणे उजव्या खिडकीला चिकटून बसले होते. डावीकडच्या रिकाम्या सीटचा बेल्ट ओढून नीट खटक्यात अडकवलेला होता. मी चटकन तोंड पुढे केलं आणि चिखली येईपर्यंत मान वळवली नाही. बाबा असते तर म्हणाले असते, घाबरट आहेस. होतेच मी घाबरलेली.

आणि याहून वाईट म्हणजे ते मलाही लागलं. एका सकाळी मशीनमधून चहा घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि बघते तर काय, कप तीन! एक पाहुण्यांचा, एक माझा. तिसरा मी कुणासाठी भरला होता? पाहुण्यांनी तो कप दोन्ही हातांनी उचलून रिकाम्या खुर्चीसमोर ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “धन्यवाद.” मी तशीच उठले, बेसिनवर जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि आरशातल्या बाईला विचारलं, “अगं बये, तुझं डोकं ठिकाणावर आहे का?”

त्याच आठवड्यात, दुपारी शिफ्ट बदलायच्या वेळी, ते घडलं. पाहुणे आणि मी क्रॉसिंगला थांबलो. त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं, डावीकडे दाखवलं, ‘ठीक’ म्हणाले. मग एकदम डावीकडे वळून ओरडले, “आत ये!” आणि पिवळी पट्टी ओलांडून बाहेर गेले. पत्र्याच्या तुकड्यांनी भरलेला पिंजरा घेऊन फोर्कलिफ्ट वळत होती. ऑपरेटरने ब्रेक मारला. पिंजऱ्यातला माल खणाणत सगळीकडे पसरला. फोर्कलिफ्टच्या पुढच्या लोखंडी सुळ्याचं टोक पाहुण्यांच्या गुडघ्यापासून वीतभर लांब थांबलं होतं.

पाहुण्यांनी फोर्कलिफ्टकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांचा एक हात पुढे होता, बोटं कुणाचा तरी दंड धरल्यासारखी वळलेली. तो हात तसाच ठेवून ते मागे मागे सरकत पट्टीच्या आत आले. मग खाली जमिनीकडे बघून मला म्हणाले, “तिच्या पायात सेफ्टी शूज नाहीत. हिला आत सोडलंच कुणी?”

भोवती वीस-पंचवीस माणसं जमली. सगळ्यांच्या नजरा माझ्यावर. “काय म्हणाले साहेब?”

“पाय घसरला म्हणाले,” मी सांगितलं.

माणसं पांगली. ऑपरेटर तेवढा राहिला. चाकणजवळच्याच गावातला, वयाने मोठा माणूस. पत्र्याचे तुकडे गोळा करता करता हळूच म्हणाला, “पाय न्हाई घसरला, मॅडम. मी बघत व्हतो. त्यांनी कुणाला तरी आत वढलं.”

“कुणाला?”

“ते मला इचारू नका. आमी गरीब माणसं.”

मीटिंग रूमचं दार लावून मी पाहुण्यांना पाणी दिलं. ते शांत होते. त्यांनी आपण होऊन सांगायला सुरुवात केली. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. तेव्हा ते दुसऱ्या एका देशात अशीच लाइन बसवत होते. निरोप मिळून घरी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं, चेहरा दिसला नाही. इथे प्राधिकरणातल्या फ्लॅटमध्ये एका पहाटे ती कोपऱ्यात पाठमोरी उभी दिसली. आधी ते फार घाबरले, दिवे चालू ठेवून झोपायला लागले. मग ती दाराबाहेर आली, मग गाडीत, मग इथे. बोलत नाही. बरोबर चालते, डावीकडून, अर्धं पाऊल मागे.

“घरात असते तशीच आली आहे,” ते म्हणाले. “अनवाणी. इथे पत्रा पडलेला असतो, तेल सांडलेलं असतं. माझ्या जिवाला घोर लागतो.” मग माझ्याकडे बघून अगदी सहज म्हणाले, “तुम्हाला दिसतेच ना ती? परवा तुम्ही तिच्यासाठी चहा आणलात.”

जे ऐकलं ते पुढे कुणाला सांगायचं असतं, ही माझी सवय. हे सांगायला कुणीच नव्हतं. एवढं मात्र कळलं की हा माणूस उद्या पुन्हा त्या क्रॉसिंगवर जाणार, आणि दर वेळी ब्रेक लागेलच असं नाही.

आमच्याकडे अपघात होता होता टळला तरी रिपोर्ट भरावा लागतो. पाच वेळा ‘का’ विचारायचं, मूळ कारण सापडेपर्यंत. तो फॉर्म मला जपानीत करायचा होता, म्हणून घरी आणला. आई म्हणाली, “जेव आधी.” मी फॉर्म घेऊन ओट्यापाशीच बसले. पिवळ्या पट्टीबाहेर का गेले? बायकोला आत घ्यायला. बायको का दिसली? झालं, दुसऱ्याच ‘का’ला गाडी अडली. हे काय लिहिणार होते मी, कप्पाळ?

तेव्हा पाहुण्यांचीच शिकवण आठवली. शॉपवर ते रोज घोकून घ्यायचे: कालपर्यंत माल चांगला निघत होता आणि आज खराब निघाला, तर डोकं खाजवू नका, एवढंच विचारा की मधे काय बदललं. माणूस बदलला, मशीन बदललं, पद्धत बदलली की मटेरियल बदललं? मी एकेक बघत गेले. माणूस तोच. मशीन तेच. पद्धत तीच. मटेरियलपाशी आले आणि माझ्या हातातलं पेन थांबलं.

फोनमधला पट्टीचा फोटो काढला. मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात दोन औषधं होती. दुसऱ्याची जपानी माहिती शोधली. ते तिकडेही मिळतं, फक्त वेगळ्या गोळीत. रोज असले कागद वाचते मी, नजर बरोबर खाली दुष्परिणामांवर गेली. क्वचित, असं म्हणून यादी दिली होती. भयंकर स्वप्नं पडणं. झोपेत चालणं. नसलेलं दिसणं. त्या यादीत मला पाहुण्यांची बायको सापडली.

आईने विचारलं, “काय गं झालं?” आणि मी लहान मुलीसारखी हुंदके देऊन रडले. साधी होती गं आई, साधी तिथे फळीवर होती, त्यांची होती तीच. मीच म्हटलं भारी द्या. आईला काही कळलं नाही. तिने ताट पुढे सरकवलं आणि पाठीवरून हात फिरवत राहिली.

सकाळी सातला कंपनीच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, ती गोळी आत्ताच्या आत्ता बंद, साधी सुरू करा, मी दहाला येऊन बघतो, आणि तोवर त्यांना शॉपवर पाऊल टाकू देऊ नका. दहाला डॉक्टरांनी तपासलं, गोळीचंच काम आहे म्हणाले. मग मी पाहुण्यांसमोर बसले आणि सगळं सांगितलं. काका काय म्हणाले, मी काय घेतलं, गाडीपर्यंत येताना काय टाकलं. तीनदा ‘तेच आहे’ म्हटलं ते खोटं होतं, हेही सांगितलं. वाटलं, ओरडतील, माझी नोकरी घालवतील. घालवली असती तरी चाललं असतं मला.

त्यांनी विचारलं, “म्हणजे गोळी बंद केली की ती जाईल?”

“हो.”

“कुठे?”

त्यांनी खिशातून पट्टी काढली. शॉपच्या दाराशी खराब माल टाकायची लाल पेटी असते, तिथपर्यंत चालत गेले आणि पट्टी आत टाकली. पेटीकडे बोट दाखवलं. ‘ठीक’ मात्र म्हटलं नाही.

साध्या गोळीने शिंका तितक्याच थांबल्या. हे मला सगळ्यात जास्त लागलं. चार-पाच दिवसांत पाहुणे पिवळ्या वाटेच्या मधोमध चालायला लागले. गाडीत सीटच्या मधे बसायला लागले. ड्रायव्हर खुशीत होता. “तुम्हाला न सांगता उतरवलं मी लिंबू, मॅडम. बघितलं का?” म्हटलं, त्याला तरी आनंद होऊ दे. फोर्कलिफ्टवाला मात्र त्या क्रॉसिंगला अजून गाडी हळू करतो आणि उगाचच एकदा हॉर्न देतो. मी कँटीनमध्ये त्या खुर्चीवर पर्स ठेवत नाही. ठेवायला गेले एकदा, हात मागे आला.

लाइन चालू झाली. माल चोख निघायला लागला, पेढे वाटले गेले, पाहुण्यांच्या गळ्यात हार पडला. फोटोत ते हसले आहेत. पण त्या महिन्याभरात ते दहा वर्षांनी म्हातारे झाले होते, हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

जायच्या दिवशी दुपारी मी त्यांना फ्लॅटवरून घेतलं. निगडीच्या बसस्टॉपजवळ आल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि स्वतः उतरून मेडिकलकडे निघाले. मला वाटलं प्रवासासाठी साध्या गोळ्या हव्या असतील. मीही मागोमाग गेले. काकांनी हसून हात जोडले.

पाहुणे माझ्याकडे वळून म्हणाले, “यांना सांगा, आधीच्या गोळ्या द्या. दोन औषधांच्या. असतील तेवढ्या.”

माझा चेहरा बघून त्यांनी हात वर केला. “मला बोलू द्या. परत गेल्यावर मी निवृत्त होतो आहे. माझ्या घरात प्रेस नाही, फोर्कलिफ्ट नाही, जमिनीवर पत्रा नाही. घरात ती अनवाणी चालली तरी काही होत नाही.”

“साहेब काय म्हणतायत?” काकांनी विचारलं. त्यांचा हात फळीकडे गेलाही होता.

मी सगळं सांगितलं. आधीच्या गोळ्या, दोन औषधांच्या, असतील तेवढ्या. निवृत्ती, घर, पत्रा, अनवाणी पाय. शब्दाला शब्द, एकही टाकला नाही. मग म्हटलं, “काका, हे त्यांचं झालं. आता माझं सांगते. देऊ नका.”

काकांनी हात मागे घेतला. त्याचं भाषांतर करावं लागलं नाही. पाहुण्यांनी काउंटरवर टेकवलेले दोन्ही हात काढून घेतले. बाजूला कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुम्हाला ती एकदा दिसली असती, तर तुम्ही दिल्या असत्या.” आणि गाडीत जाऊन बसले.

“आता काय म्हणाले?” काकांनी विचारलं.

मी त्यांना ते वाक्य मराठीत सांगितलं. काका खोकल्याचं औषध मागणाऱ्याकडे वळले. मी मनात म्हटलं, दिल्या असत्या हो, पाहुणे. पट्टी कशाला, डबाच्या डबा दिला असता.